चार चॅनेलचं हेलिकॉप्टर आणि नाशिकची थंडी: घ्यावं की नाही?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. साडेसहा हजारांत हे चार चॅनेलचं, म्हणजे वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी आणि शेपूट वळवणं असे चार हुकूम घेणारं, रिमोटचं हेलिकॉप्टर घ्यायला हरकत नाही. पण खोक्यावर ठळक छापलेलं ‘इनडोअर-आऊटडोअर’ अर्धंच खरं आहे. नाशिकपुरतं बोलायचं तर त्यातलं आऊटडोअर म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उजाडल्यापासून फार तर नऊपर्यंत. नवानंतर ते गुपचूप खोक्यात घालायचं आणि मिसळ खायला निघायचं. एवढं मान्य असेल तर पुढे वाचा, नसेल तर पैसे वाचले म्हणा.

मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. एकच यंत्र तीन-चार नावांनी आणि तितक्याच रंगांत विकलं जातंय. ओळखायची खूण अशी: वर एकच पंखा, त्याला दोन पाती, त्यावर फ्लायबार, म्हणजे तोल सांभाळणारी आडवी काडी, नाही. शेपटीला स्वतंत्र छोटी मोटर. कलणं-वळणं ओळखून यंत्र सावरणारा सहा अक्षांचा जायरो, उंची धरून ठेवायला बॅरोमीटर, 3.7 व्होल्टची एका सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट. वजन शंभर ग्रॅमच्या आत. जत्रेत मिळतं ते, एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरणारं, हे नव्हे. ते आपोआप स्थिर राहतं, म्हणून त्यावर शिकायला काही उरत नाही. दुसऱ्या टोकाला सहा चॅनेलवाली कलेक्टिव्ह पिचची यंत्रं. त्यांत पंख्याचा वेग जवळपास कायम राहतो आणि पात्यांचा कोन बदलून वर-खाली जाता येतं. आपल्या ह्या यंत्रात कोन कायम, वेग बदलतो. हा फरक लक्षात ठेवा, वारा सुटला की तोच नडतो.

मी सातपूरला टूलरूममध्ये आहे. वस्तू हातात आली की चालवण्याआधी मोजायची, ही तिथली खोड. मुख्य शाफ्ट काढून व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यावर ठेवला, वाकडेपणा मोजायला डायल लावला. काटा 0.03 मिलिमीटरच्या आत राहिला. ह्या किमतीत इतका सरळ शाफ्ट म्हणजे कौतुकच. मुख्य गिअर प्लास्टिकचा, पण दात साफ, कुठे बर (कडेला राहिलेला खरबरीत कंगोरा) नाही. पंख्याला हवं तिकडे कलवणाऱ्या चकतीला, स्वॉशप्लेटलाही, प्ले म्हणजे ढिलेपणा जवळजवळ नाही. पात्यांनी मात्र निराशा केली. सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात सोनं तोलायच्या काट्यावर दोन्ही पाती ठेवली. दुकानदाराने आधी पात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘काका, ह्याला हॉलमार्क मिळणार नाही बरं का,’ म्हणाला आणि तोलून दिली. एक दुसऱ्यापेक्षा 60 मिलिग्रॅमने जड. ऐकायला काहीच नाही, पण पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो तेव्हा एवढ्या फरकानेही शेपटी थरथरते, आणि ती थरथर जायरोपर्यंत जाते. हलक्या पात्याला सेलोटेपची बारीक पट्टी लावली. नुसतं वजन सारखं असून भागत नाही, तोलही सारखा लागतो, म्हणून दोन्ही पाती हबला जोडून हब सुईवर टेकवला आणि पट्टी टोकाकडे सरकवत सरकवत आडवी रेष साधली. थरथर गेली. हे काम खरं म्हणजे कारखान्यात व्हायला हवं. पण पाव तासाचं आहे आणि ते केल्याशिवाय ह्या यंत्राला नावं ठेवणं अन्यायाचं होईल.

आता उडवायचं कुठे. मी राहतो जेलरोडला. नाशिकरोडच्या माणसाला हेलिकॉप्टरचं नवल नाही. गांधीनगरला लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल 2003 पासून आहे. चेतक आणि चीता डोक्यावरून जाताना पाहतच आमची पोरं मोठी झाली. शिकाऊ पायलट एकाच जागी तरंगत का बसतात, हे मला रिमोट हातात घेतल्यावर समजलं. पण म्हणूनच हा सगळा पट्टा आपल्या कामाचा नाही. गांधीनगर आहे, देवळालीचा तोफखाना आहे, नोटांचा छापखाना आहे, तिकडे ओझरला एचएएल आणि विमानतळ. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो गटात मोडतं आणि त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण हवाई हद्दीचे लाल-पिवळे-हिरवे झोन आहेतच. डिजिटल स्काय ह्या सरकारी ड्रोन संकेतस्थळावर नकाशा उघडून आपली जागा कोणत्या रंगात येते ते बघा, शंका असेल तर पोलिस ठाण्यात विचारा. ‘अहो साहेब, खेळणं आहे’ हे उत्तर छावणीच्या कुंपणाशेजारी चालत नाही.

आम्ही जातो गिरणाऱ्याच्या बाजूला. ओळखीच्या अण्णांचं टोमॅटो निघून गेलेलं रान मोकळं पडलेलं असतं. बाजूला द्राक्षबाग आहे, तिच्याकडे पाठ करायची, कारण मांडवाच्या तारांत गेलेलं हेलिकॉप्टर सोडवताना घडांना धक्का लागला तर अण्णा पुढच्या वेळी फाटक उघडणार नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘याच्यानं औषध मारता येईन का?’ नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. मात्र त्यांच्या बागेचा आम्हाला मोठा उपयोग झाला. कडाक्याच्या थंडीत द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात. तो धूर सरळ वर चालला असेल तर उडवा. आडवा झाला तर थांबा. दुकानातला कुठलाही वारामापक इतकं स्पष्ट सांगत नाही.

सकाळीच का, तर रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वर ऊबदार थर राहतो. तोवर खाली वारा हलत नाही. ऊन तापून जमीन गरम झाली की हा थर मोडतो आणि झुळका सुरू होतात. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला वर येतो, म्हणजे दीड-पावणेदोन तास मिळतात. धुकं असेल तर तेही नाही. गोदाकाठच्या धुक्यात वीस पावलांवरचं यंत्र दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते उडवायचं नसतं.

थंडीचा पहिला फटका बॅटरीला. खोक्यावर पंधरा मिनिटं लिहिलंय. घरात बारा-तेरा मिळाली. शेतात, पारा नऊ-दहा अंशांवर असताना पिशवीतली गार बॅटरी लावली तर सात-आठ मिनिटांतच दिवे लुकलुकायला लागतात. बॅटरी खराब नसते. थंडीत लायपोचा अंतर्गत रोध वाढतो, मोटरने करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि बोर्डाला वाटतं चार्ज संपला. उपाय साधा: बॅटऱ्या स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात. प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवा म्हणजे किल्ल्या-सुट्टे पैसे लागून शॉर्ट होणार नाही. ऊबदार बॅटरी लावली की वेळ घरच्याइतकाच मिळतो. भरलेली बॅटरी 4.2 व्होल्ट असते. चार-आठ दिवस उडवणार नसाल तर 3.8 च्या आसपास आणून ठेवा, भरलेली ठेवली तर फुगते. सोबतच्या यूएसबी चार्जरला एक बॅटरी भरायला तासभर लागतो, म्हणून शेतात चार्जिंगचा विचार सोडा आणि भरलेल्या बॅटऱ्या घेऊनच निघा.

थंडीचा फायदाही आहे आणि तो कोणी सांगत नाही. दहा अंशांची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के घट्ट असते. पंख्याला पकड चांगली मिळते. एप्रिलच्या दुपारी हेच यंत्र मोटर ओरडवत जेवढं उचलतं, तेवढं जानेवारीत सहज उचलतं.

जायरोचं एक पथ्य आहे आणि माहितीपत्रकात ते नाही. (माहितीपत्रक चिनी भाषेत आणि मोडक्या इंग्रजीत आहे, ते चष्मा लावूनही वाचण्यासारखं नाही.) हेलिकॉप्टर ऊबदार डिकीतून काढून लगेच चालू केलं तर ते उचलल्या उचलल्या एका बाजूला सरकत राहतं, कारण चालू करताना जायरोने घेतलेला शून्य बिंदू आणि चिप गार झाल्यावरचा शून्य बिंदू यांत फरक पडतो. बाहेर काढून पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, मग सपाट जागेवर ठेवून बॅटरी लावा आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. आम्ही ताडपत्रीचा तुकडा अंथरतो. त्याने ढेकळांवरची कलती जागा टळते आणि गवतावरचं दव शेपटीच्या मोटरमध्ये जात नाही. दवात उतरवलेलं यंत्र घरी येऊन सुकं होईपर्यंत बॅटरी लावायची नाही.

आता उंची धरण्याची सोय. जाहिरातीत हिचाच गाजावाजा आहे: दांडी सोडली की हेलिकॉप्टर आहे त्या उंचीवर थांबतं. बंद हॉलमध्ये खरोखर थांबतं. बाहेर नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची ओळखतो. नाशिकच्या उंचीवर हिवाळी सकाळी एक मीटर वर गेलं की दाब साधारण 11 पास्कलने उतरतो. सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटरची झुळूक समोरून आदळली तर दाबात 14 पास्कलपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे यंत्र जागच्या जागी असूनही त्याला वाटतं आपण सव्वा मीटर खाली आलो. मग ते आपल्या मनाने वर उसळी घेतं. त्यातच समोरच्या वाऱ्याने पंख्याची उचल वाढते ती वेगळी, आणि पात्यांचा कोन बदलता येत नसल्याने खाली आणायचं तर पंख्याचा वेग कमी होण्याची वाट बघायची. तेवढ्यात ते आंब्याच्या शेंड्यावर. ह्यात उत्पादकाची फसवणूक नाही, पण खोक्यावर एक ओळ लिहायला काय जात होतं? माझं मत: शिकताना पहिल्या आठवड्यापुरती ही सोय वापरा, मग बंद करा. आमच्या रिमोटवर थ्रॉटलची, म्हणजे वर-खाली नेणारी डावी दांडी आत दाबून धरली की ती बंद होते. बंद केल्यावरच डाव्या अंगठ्याला काम कळतं.

शिकण्याच्या बाबतीत यंत्राला पूर्ण गुण. भाचा अकरावीत आहे, त्याचे अंगठे मोबाइलवर तयार झालेले, माझे फाइल मारून जाड झालेले, तरी दोघांनाही त्याने शिकवलं. पहिला धडा म्हणजे शेपटी आपल्याकडे ठेवून एका जागी तरंगणं. थाळीत लिंबू ठेवून ते मध्येच राहील असं थाळी हलवत राहणं, तसलं काम आहे: दांडी हलवायची, आणि हलल्यावर लगेच उलट बाजूला थोडी देऊन थांबवायची. नवखा माणूस भीतीने हेलिकॉप्टर वीतभर उंचीवर ठेवतो आणि तिथेच ते सगळ्यात जास्त घसरतं, कारण पंख्याने खाली फेकलेली हवा जमिनीवर आपटून परत त्यालाच ढकलते. डोळ्यांच्या उंचीला न्या, शांत होतं. स्किडखाली, म्हणजे यंत्र ज्या पायांवर टेकतं त्यांच्याखाली, दोन बारीक काड्यांचा फुलीचा आधार बांधा, टोकांना टेबल टेनिसचे चेंडू. कलंडणं थांबतं. सोबत काड्या येत नाहीत, आम्ही पतंगाच्या कामट्या वापरल्या. वजन वाढतं, मिनिटभर उड्डाण कमी होतं, पण पाती वाचतात.

खरी परीक्षा तोंड आपल्याकडे वळल्यावर. शेपटी आपल्याकडे असताना उजवी दांडी म्हणजे उजवीकडे. तोंड आपल्याकडे आलं की तीच दांडी त्याला आपल्या डावीकडे नेते. भाचा ओरडतो, ‘मामा, उलटं, उलटं!’ आणि त्याच्या ओरडण्याने अंगठा आणखीच गोंधळतो. ह्यावर एकच तोडगा: शेपटी थोडी थोडी तिरपी करत जायची, आधी पाव, मग अर्धी. रागाने घाई केली की नवीन स्किड. आणि स्किडचं प्लास्टिक सकाळच्या गारठ्यात तडकतं. दुपारी घरात पडलं तेव्हा नुसतं वाकलं होतं.

हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, हेही ध्यानात घ्यावं लागतं. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलात तर हेलिकॉप्टर काळा ठिपका होतो, तोंड कुठलं आणि शेपूट कुठली तेच कळत नाही. सूर्य पाठीशी घ्या. शेपटीला नारिंगी रेडियम टेपचा छोटा तुकडा लावा. हातमोजे लोकरीचे, पण अंगठा आणि तर्जनीची टोकं कापलेले. बधिर अंगठ्याने दांडी जरा जास्तच सरकते. कानटोपी चालेल, मात्र कान मोकळे ठेवा. मोटरचा आवाज बदलला की बॅटरी संपत आलीय, हे दिव्याच्या आधी कानाला समजतं.

संक्रांतीच्या आगेमागे आठवडाभर उडवण्याला सुट्टी द्या. येवल्याची पतंगबाजी प्रसिद्ध आहे, पण नाशिकमध्येही कमी नसते, आणि कापलेला मांजा झाडांवर, तारांवर, रानातही लोंबत असतो. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो सापडतोच. आमच्या हबमध्ये असा एक धागा गुरफटला. तो वितळून शाफ्टला चिकटला आणि बेअरिंग काढल्याशिवाय निघाला नाही. माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापणाऱ्या वस्तूपुढे खेळण्याचं दुःख काय सांगायचं.

विकणाऱ्याबद्दल. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं त्याचं पॅकिंग उत्तम, थर्माकोलचा साचा इतका चांगला की आम्ही अजून त्यातच यंत्र नेतो. विक्रीनंतरच्या सेवेला मात्र शून्य. एका बाजूला सरकण्याबद्दल फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘सर, एक बार रीस्टार्ट करके देखिए.’ ट्रिमची, म्हणजे असं सरकणं रिमोटवरून दुरुस्त करायची, बटणं कशी वापरायची एवढंच विचारलं होतं. जादा बॅटऱ्या यायला फार दिवस लागले. लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे त्या रस्त्याने येतात, हे मी समजू शकतो. पण तसं सांगायला हवं होतं, ‘आज निकलेगा’ नव्हे. म्हणून मागवतानाच सगळं एकदम मागवा: दोन बॅटऱ्या, पात्यांच्या दोन जोड्या, शेपटीची एक मोटर आणि स्किड. हे सगळं धरून खर्च नऊ हजारांच्या घरात जातो, साडेसहा नव्हे. मुख्य मोटर ब्रशची आहे, म्हणजे आत घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेली, ती झिजणारच. आवाज खरखरीत झाला आणि भरलेल्या बॅटरीवरही उचल कमी वाटली की बदलायची. ब्रशलेस मोटरचं मॉडेल महाग असतं. जास्त उडवणार असाल तर तो फरक वसूल होतो, सुट्टीच्या दिवशी उडवणाऱ्याला गरज नाही.

मग कोणी घ्यावं? ज्याला पहाटे उठता येतं, ज्याच्याकडे मोकळं रान आहे आणि बारीक स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा कंटाळा नाही, त्याने. लहान पोराला वाढदिवसाला देऊ नका, पाती बोटाला चांगलीच लागतात आणि चष्मा नसेल तर डोळ्याची भीती. गच्चीवर उडवायचं असेल तर अजिबात नको. सोसायटीच्या गच्चीवर भिंतींमुळे वारा गरगरतो आणि खाली लोकांच्या गाड्या असतात. कलेक्टिव्ह पिचचं यंत्र घ्यायचं मनात असलेल्यांनी आधी ह्याच्यावर तोंड आपल्याकडे ठेवून तरंगता येईपर्यंत घासावं. महागडं यंत्र आपटलं तर एका पडण्यात शाफ्ट, पाती, गिअर सगळं जातं. इथे तीनशे-चारशेत सुटका होते.

पाचपैकी साडेतीन तारे. पाती कारखान्यातून तोलून आली असती तर चार दिले असते.